दादाचा शेवटचा फोटो

पाकिटाला डिंक लावायचा तेवढा बाकी होता, आणि ज्याची सगळी कुंडली त्यात भरली होती तोच दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला.

फोटोवाल्याने त्याला तत्क्षणी ओळखलं. अठ्ठावीस वर्षांत केस गेले, पाठ वाकली, अंगावर रखवालदाराचा खाकी शर्ट चढला. पण वैऱ्याचा चेहरा माणूस विसरतो होय? हवाई दलात याला सगळे मिस्त्री म्हणायचे. विमानाच्या पंखाखाली क्षेपणास्त्रं चढवायची, हे त्याचं काम.

"ओळखलंत?" मिस्त्रीने विचारलं.

"तुला नाही ओळखणार? रोज सकाळी दात घासायच्या आधी तुझी आठवण काढतो मी."

मिस्त्रीने ते गिळलं. "माझ्या पोरीची निवड झालीय. हवाई दलात, माझ्याच कामावर. परवा तिचे कागद तपासणार आहेत."

"माहितीये." फोटोवाल्याने पाकिटावर टिचकी मारली. "म्हणून तर हे."

"सहा नोकऱ्या गेल्या माझ्या. दर वेळी एक निनावी पाकीट. कोण पाठवतं हे कळत होतं, पण मी तोंडातून ब्र काढला नाही. तुमचा भाऊ गेला होता. पण पोरीने काय घोडं मारलंय तुमचं?"

"माझ्या दादालाही पोरगी झाली असती. तू होऊ दिली नाहीस."

दादा वैमानिक होता. धाकट्याला हवाई दलाच्या फोटो विभागात चिकटवला तोही त्यानेच. क्षेपणास्त्राला एक पिन असते आणि पिनेला हातभर लाल फीत, कुणाच्याही डोळ्यांत भरावी अशी. विमानाचं इंजिन सुरू झालं की मगच पिन काढायची. तोवर फीत लोंबत राहिली पाहिजे. पिन राहिली तर क्षेपणास्त्र पंख सोडत नाही. एवढा साधा नियम, शेंबड्या पोरालाही कळेल असा.

त्या सकाळी दादा उडाला, शत्रूच्या विमानासमोर आला आणि त्याने बटण दाबलं. रेडिओवर त्याचे शेवटचे शब्द होते, "उजवं सुटत नाहीये." समोरच्याचं सुटलं.

डोंगरावर पडलेल्या अवशेषांचे फोटो काढायला धाकट्यालाच पाठवलं होतं. त्याने एकेक तुकडा टिपला. फीत जळून गेलेली, पिन मात्र जागच्या जागी. त्याच फोटोवर मिस्त्री बडतर्फ झाला.

"तू चौकशीत काय सांगितलंस, आठवतं?" फोटोवाला म्हणाला. "उजवीकडे फीत दिसलीच नाही म्हणे! हातभर लाल फीत! डोळे होते की गोट्या?"

"पिना मोजायला हव्या होत्या, ते माझं चुकलं. ते मी तेव्हाही कबूल केलं," मिस्त्री म्हणाला. "इंजिन सुरू होतं, घाई होती. पण मी पंखाखाली वाकून बघितलं होतं. फीत नव्हती. वाटलं, जोडीदाराने पिन काढली असेल. पोरीच्या गळ्याची शपथ."

"शपथेला काय लागतं? फोटो खोटं बोलत नाही." फोटोवाल्याने भिंतीजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "बस तिथे. पाकिटात सगळं आहे, तुझं थोबाड तेवढं नाही. तुझ्या पोरीच्या साहेबांना बाप कसा दिसतो ते कळू दे."

मिस्त्री जरा घुटमळला. मग बसला. बसल्या बसल्या म्हणाला, "फोटो काढलात तर पाकीट थांबवाल?"

"फोटो काढला की पाठवीन."

मिस्त्रीने मान खाली घातली. वर केली तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमकडे त्याची नजर गेली. पंखाला रेलून दादा हसत होता, शिरस्त्राण काखेत, आणि त्याच्या खांद्यामागे उजवीकडचं क्षेपणास्त्र, पांढरंशुभ्र, एक डाग नाही.

"हा कधीचा?"

"त्याच सकाळचा. इंजिन सुरू व्हायच्या आधी, विमानात चढता चढता थांबवला मी त्याला. आई होती तोवर तिच्या उशाशी होता, मागच्या वर्षी इथे आणला. माझ्या हातून असा फोटो पुन्हा झाला नाही." फोटोवाल्याचा आवाज क्षणभर ओला झाला. मग त्याला स्वतःचाच राग आला. "तू त्याच्याकडे बघू नकोस. इकडे बघ."

त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तो चुकचुकला. पुढे येऊन मिस्त्रीची कॉलर सरळ केली, खांद्यावरचा दोरा उचलला, खिशातून लोंबणारी कसलीशी दोरी आत सारली. मागे गेला. बटण दाबलं.

"झालं. चालता हो."

मिस्त्री हलला नाही. त्याचा हात खिशाकडे गेला होता. "माझ्या शिट्टीची दोरी?"

"आत खोचली. लाल रंग सगळ्या फोटोची वाट लावतो." फोटोवाला पाकिटाला डिंक लावत होता. "पहिल्यापासूनची सवय. हात आपोआप जातो."

मिस्त्री उठला आणि भिंतीकडे गेला. फ्रेमच्या काचेला नाक टेकेल इतक्या जवळून तो दादाच्या खांद्यामागचं क्षेपणास्त्र बघत राहिला. बऱ्याच वेळाने वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"आणि तुमच्या दादांच्या या फोटोतली फीत," त्याने विचारलं, "ती कुठे खोचली होतीत?"