कच्च्या आवाजाची हळद

हळदीच्या मांडवात गेंदाबाई गात असतानाच नेट गेलं आणि सगळ्यांच्या कानांतल्या चिप बंद पडल्या. जन्मतःच बसवलेल्या त्या चिप प्रत्येक आवाज गोड करूनच आत सोडायच्या. गाणारे घडवण्यापेक्षा ऐकणाऱ्यांचे कान बदलणं गाण्यांच्या कंपनीला स्वस्त पडलं होतं.

म्हाताऱ्या गेंदाबाईला मात्र चिप उशिरा बसली होती. कित्येक वर्षांनी तिला आपला खरा, खरखरीत गळा ऐकू आला आणि तिचा ऊर भरून आला. आता लोकांना कळेल गाणं काय असतं, असं म्हणून तिनं पदर खोचला आणि आईकडून शिकलेली ओवी टिपेला नेली.

“बंद करा हिला! कानात खिळे ठोकतेय!” नवरदेवाचा मामा ओरडला आणि त्यानं हळदीचं पितळी ताट तिच्या तोंडावर हाणलं. पाठोपाठ खुर्च्या आल्या. कुणीतरी तिचा गळा आवळला.

ओवी थांबली, तरी कानातले खिळे थांबेनात.

“आता कोण बोंबलतंय?” मामा चवताळून किंचाळला आणि तो आवाज आपलाच आहे हे कळून एकदम गप्प झाला. रक्तानं चिकटलेल्या डोळ्यातून गेंदाबाईला दिसलं, त्यानं ताट पुन्हा उचललं आणि स्वतःच्याच तोंडावर हाणायला सुरुवात केली.