चाई

डॉक्टरांनी पुन्हा एकदा पदर खाली घ्यायला सांगितला. तुळसाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मारोतराव खिडकीबाहेर कारखान्याच्या धुराड्यांकडे बघू लागला. कोक ओव्हनच्या भट्टीच्या धगीसमोर दिवसभर उभा राहणारा गडी, पण बायकोचं उघडं डोकं बघायचं म्हटलं की त्याचं अवसान गळायचं. तिच्या टाळूवर तळहाताएवढी जागा गुळगुळीत झाली होती. कातडी चकचकीत, केसाचं एक छिद्रही दिसेना.

हे सुरू झालं तेव्हा ती भंडाऱ्याकडे माहेरी गेली होती. तिथल्या वैदूने डोकं पाहून निकाल देऊन टाकला. चाई आहे, केसांना कीड लागलीय, आणि ती एकाची दुसऱ्याला लागते. त्याने दिलेला गुंजांचा लेप चोळून चोळून तिने टाळूची आग करून घेतली. केस काही आले नाहीत. लेकीला मात्र तिने वैदूने सांगितलं त्याच दिवशी दूर केलं. वच्छीचं अंथरूण वेगळं, फणी वेगळी, टॉवेलही वेगळा.

भिलाईच्या क्वार्टरमध्ये सासू नाही, जाऊ नाही. शेजारी पंजाबी, तेलुगू, बंगाली. बोलायचं तर मोडक्या हिंदीत. पलीकडची रुक्मा तेवढी आपल्याकडची, गोंदियाची. वच्छीची वेणी तिच्याकडे गेली. रोज सकाळी रुक्माच्या ओट्यावर लेकीच्या केसांतून फणी फिरायची आणि तुळसाबाई दाराआडून बघत राहायची. तिथे पोरगी खुदुखुदु हसायची. घरात आली की गप्प. पोरगी आता आपली राहिली नाही, असं तुळसाबाईने मनाशी धरलंच होतं. केस गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

टाळूच्या कातडीचा छोटा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला होता. त्याचा निकाल आज आला. डॉक्टर म्हणाले, हा रोग फार थोड्यांना होतो. केसांची मुळंच आतून मरतात आणि त्यांच्या जागी व्रण राहतो. आणखी पसरू नये म्हणून औषध देता येईल, एवढंच.

"अब यहाँ बाल नहीं आएँगे."

मारोतरावाचा चेहरा उतरला. "नागपूरले नेऊ का? बंबईले?" तो स्वतःशीच पुटपुटला.

तुळसाबाईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "पोरीले लागन का? बच्ची को?"

डॉक्टर भिंग पुसता पुसता थांबले. "किसी को नहीं लगता. यह लगनेवाली बीमारी थी ही नहीं."

तुळसाबाई हसली. बाईला कळलेलं दिसत नाही, असं डॉक्टरांना वाटलं. केस येणार नाहीत, हे त्यांनी सावकाश पुन्हा सांगितलं.

"समजलं मले," ती म्हणाली आणि उठली.

वच्छी शाळेतून आली तेव्हा तुळसाबाई तेलाची वाटी घेऊन ओट्यावर बसली होती. क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीसमोर, पदर खांद्यावर टाकून. येणारेजाणारे वळून बघत होते. बघेनात का.

"ये वच्छे, वेणी घालू."

वच्छी पायरीवरच थबकली. तिने आईच्या डोक्याकडे पाहिलं, आणि दप्तर छातीशी धरून मागे सरकली. तुळसाबाईने वाटी खाली ठेवली.

"ये न, बाई. डॉक्टरनं सांगतलं, लागत नाई कोणाले."

पोरगी जागची हलली नाही.

"तूच आपल्या गळ्याची शपथ घातली होती," ती म्हणाली. "तू बोलावलं तरी मी जवळ यायचं नाई म्हणून. आली तं तू मरशीन. आधी शपथ सुटली म्हण, आई. मी रोज वाट पाहून राहिली."