सतरा नंबरची डबी

“हे कोणी मानणार नाही,” पुंडलिकराव म्हणाले, “पण ती पेशी डॉक्टरच्या आधी मी पाह्यली. तेही चष्म्याबिगर.”

इस्पितळाची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकून वीस मिनिटं झाली होती. पंखा बंद पडला होता. बाहेरून लिफ्टवाला हिरासिंग अधूनमधून ओरडत होता, “मेकॅनिक दारव्हा नाक्यावर आला.” तिसऱ्यांदा ओरडला तेव्हाही मेकॅनिक दारव्हा नाक्यावरच होता.

आत तिघं. राळेगावकडचे साठीचे पुंडलिकराव, उजव्या हातात थर्माकोलची लहान पेटी, पेटीत बर्फ आणि बर्फात डबी. शेजारी सुरभी, वरच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी मुलगी. कोपऱ्यात एक बाई, उन्हातून आल्यासारखी, डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळलेली. ती अजून एक शब्द बोलली नव्हती.

पेटीवरचा सतरा नंबर वाचून सुरभी म्हणाली, “सकाळपासून मी याच डबीची वाट पाहतेय. कोणाची आहे? आम्हाला नाव कळत नाही, कागद मागून येतो.”

“मालकिणीची. माह्या बायकोची, शकूची. छातीत गाठ निघाली तिच्या. सिस्टरनं इचारलं, नातेवाईक कोण? मी उभा राह्यलो, तिनं पेटी हाती देली.”

इथली रीतच ती. तपासायला गाठीचा तुकडा काढला की वर पोचवायचं काम नातेवाइकाचं.

“त्या एकट्याच आहेत खाली?”

“खाटेवर पडली हाय. मले म्हणते, जा तुम्ही, मी काय पळून जाते काय.” पुंडलिकरावांनी पेटी छातीपासून जरा दूर धरली. “तर मी शेळीचं सांगून राह्यलो होतो. चंद्री नाव. एक थान आटलं, पार लाकडावानी. पुसदहून ढोरांचा डॉक्टर आला, दुर्बीण घेऊन. चांगल्या थानातला तिळाएवढा तुकडा काढला त्यानं. दोन घंटे पाह्यलं, काही दिसेना. मी नुसता वाकलो. बाकीच्या पेशी लग्नघरच्या बायांवानी इकडून तिकडं धावून राह्यल्या, अन् एकच आपली मधात बसून. म्हटलं साहेब, हे घरची म्हातारी, हिलेच उचला. उचलली, आटल्या थानात ठेवली. पंधरा दिवसांत थान भरलं. त्या साली आमच्या गल्लीत चहात कोणी पाणी टाकलं नाही.”

सुरभी हसली. “पेशी धावत नाहीत, काका. पण बसून राहणारी शोधायची, हे तुमचं बरोबर आहे.”

“बरोबर?” पुंडलिकराव स्वतःच दचकले.

“आम्ही पेशींना रंग देतो. ज्या भराभर विभागतात त्यांचा रंग वाटला जातो, फिका पडतो. शेवटी दोन-चारांतच तो तसाच उरतो. त्या बहुतेक मूळपेशी. अख्खी दूधग्रंथी नव्याने उभी करायची ताकद असते त्यांच्यात. काही गाठीही तिथूनच उगवत असाव्यात, म्हणून त्या ओळखायच्या. फक्त तुकडा ताजा पाहिजे. बर्फ आहे ना?”

पुंडलिकरावांनी झाकण उचललं. निम्म्याहून जास्त पाणी झालं होतं.

“वितळला तर?”

“रिपोर्टही यातूनच काढायचाय. पुन्हा तुकडा घ्यावा लागेल.”

“पुन्हा नको,” ते पटकन म्हणाले. “वरून कातडी सुन्न होते, पण आतून ओढलेलं कळते. म्हणजे, शकू सांगत होती.”

“घंटीचं बटण दाबा ना परत. तुमच्या डाव्या हाताशीच आहे.”

डावा हात बरगडीला चिकटलेलाच राहिला. पुंडलिकराव अख्खे वळले आणि पेटीच्या कोपऱ्याने बटण दाबलं. वळताना उजेड त्यांच्या खिशावर पडला.

“शर्टाला काय लागलंय, काका?”

खिशाशी रुपयाएवढा तांबडा डाग होता.

“खर्रा. इथं थुकायले जागा कुठं हाय? खिशातच सांडला.”

तंबाखूच्या नावानेच सुरभीने नाक मुरडलं. मग बर्फाकडे पाहत, वेळ काढायचा म्हणून बोलत राहिली. “सोळा नमुने झाले, सगळे बायांचे. पुरुषांनाही होतो हा आजार, क्वचित. पण ते लाजतात. येतच नाहीत.”

“येईन कसा? पारावर बसला का लोक इचारतीन, काहून गा, दूध किती देतं? मरेपर्यंत तेच.”

सुरभीला हसू आवरेना. कोपऱ्यातली बाई हसली नाही. तिने पिशवीत हात घातला, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली काढली. आतलं पाणी अजून गोठलेलं होतं. तिने बाटली पेटीत डबीला टेकवून ठेवली आणि झाकण घट्ट बसवलं.

“लय उपकार झाले, बाई,” पुंडलिकराव म्हणाले. “शकूले सांगतो मी.”

बाई पुन्हा कोपऱ्यात गेली.

दहा मिनिटांनी लिफ्टला धक्का बसला, ती वर सरकली आणि तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. सुरभीने पेटी घेतली, बर्फ पाहिला. “चालेल. पुन्हा काढायला नको. शकूकाकूंना सांगा,” म्हणत ती जिन्याकडे पळाली.

पुंडलिकरावांनी भिंतीला पाठ टेकली. घाम पुसायला त्यांनी चुकून डावा हात उचलला आणि अर्ध्यातच खाली आणला.

कोपऱ्यातल्या बाईने स्कार्फ सोडला. पुंडलिकरावांच्या दारासमोर जिचं दार, ती कांताबाई. तिच्या हातात छातीच्या तपासणीची चिठ्ठी होती, तशीच एक त्यांच्या खिशातून डोकावत होती.

“तू काहून इथं?” त्यांनी चिठ्ठी आत खुपसली. “बरं झालं भेटली. शकू खाली हाय, जरा तिच्यापाशी...”

“खर्रा तुम्ही सहा वर्षांआधी सोडला, भाऊजी,” कांताबाई म्हणाली. “शकूबाईच्या तेरवीले.”