पहिली फेरी

लिफ्ट दुरुस्त करण्यात बाबांचा हात धरणारं अख्ख्या शहरात कुणी नव्हतं. तरी दुरुस्तीनंतरची पहिली फेरी त्यांची, आणि तीही एकट्याची. इमारतीचा मालक घाईत असला तरी ते त्याला दारातच थोपवायचे. "काही चुकलं असेल, तर ते माझ्या एकट्याच्या अंगावर येऊ दे." हाताखाली शिकणाऱ्या लेकीलाही त्यांनी कधी आत घेतलं नाही. ते खाली परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा.

आज चौदा मजली इमारतीची लिफ्ट तिने पहिल्यांदाच एकटीने दुरुस्त केली. बाबा जिन्याच्या पायरीवर बसून होते, एका शब्दाने मधे पडले नाहीत. तिने नट आवळायचे पाने पिशवीत टाकले, हात पुसले आणि ती आत शिरली. जाळीचं दार ओढणार, तोच बाबा गुडघे सांभाळत आत येऊन तिच्या शेजारी उभे राहिले.

"बाबा, बाहेर थांबा. पहिली फेरी एकट्याची. नियम तुमचाच आहे."

"तो माझ्या कामासाठी होता," बाबा म्हणाले, आणि त्यांनी चौदाव्या मजल्याचं बटण दाबलं.