आत कुणाची नावं

सकाळचं ऊन गॅलरीच्या कठड्यावरून हळूहळू उतरलं, कुंडीतल्या कोरफडीला स्पर्शून फरशीवर पसरलं आणि आईच्या मांडीवरच्या पांढऱ्या लेंग्यावर येऊन थांबलं. आई लेंग्याची नाडी ओढून काढत होती.

मामा पेपर वाचत होता. मंत्र्यांच्या पाणी घोटाळ्याचं आरोपपत्र काल सीलबंद लिफाफ्यात न्यायालयात गेलं होतं आणि आत कुणाची नावं असतील, याचे तर्क सारं शहर लढवत होतं.

“दाजी, तुम्ही तर मंत्र्यांचे पीए! तुम्हाला वगळलं तर अपमानच की तुमचा,” मामा बाबांकडे पाहून हसला.

“बाबांचं नाव नसणारच,” मी म्हणालो. महिनाभर मी प्रत्येकाला हेच सांगत आलो होतो.

आईने सेफ्टी पिनेला इलॅस्टिक लावलं. “कोठडीत नाडी ठेवू देत नाहीत म्हणे,” ती खाली मान घालून म्हणाली. “ह्यांनीच सांगितलं, बदलून ठेव.”

मामाचं हसू विरलं. बाबा रागावतील, निदान एकदा तरी ‘नाही’ म्हणतील, म्हणून मी वाट पाहिली.

आईने इलॅस्टिक ओवून संपवल्यावर बाबांनी लेंगा हातात घेऊन त्याची कंबर ताणून पाहिली.

“जरा सैल कर,” ते आईला म्हणाले. “बरीच वर्षं घालायचाय.”

बाबांनी पैसे घेतले होते.