भिंतीच्या सावलीतलं गवत

गवताच्या तिसऱ्याच ठोंबापाशी खुरपं अडलं. मुळं माती घट्ट धरून बसली होती. धरणारच, दोन वर्षं तिनंच तर जीव लावून जोपासली होती.

"एक काडी दिसता कामा नये," वकीलबाईंनी काल बजावलं होतं. "उद्या कोर्टाचा माणूस पाहणीला येतोय. भावाच्या भिंतीनं ऊन अडवलं, अंगणात काही उगवत नाही, हीच आपली तक्रार. आणि तुमच्याकडे हे असं डुलतंय."

आता सांगा, यात गवताचा काय दोष? आई-वडील गेले, घराचे दोन भाग झाले आणि दादानं मधोमध दीड पुरुष उंच भिंत घातली. पहिल्याच वर्षी गुलाब गेले. मग लावावं ते मरायचं. ती रडली, भांडली, शेवटी कोर्टात गेली. तेवढ्यात रोपवाटिकेतल्या बाईंनी हे गवत हातात ठेवलं. इथल्याच रानातलं, मोठ्या झाडांखाली वाढणारं. "खत घालू नका, लोळेल. उन्हात लावू नका, करपेल. सावली द्या, बास." सावलीला काय तोटा होता! तिनं चिडूनच लावलं. पण गवताला कुठला राग कळतोय? ते कमरेएवढं झालं, त्याला तांबूस तुरे आले. वारा सुटला की अख्खं अंगण हलायचं. दिवसातून एकदा तरी ती तिथं जाऊन बसायची. या भांडणाच्या दिवसांत तिला बरं वाटावं असं तेवढंच होतं.

तेच आता ती उपटत होती. गवत ठेवावं तर केस जाते, केस धरावी तर गवत. इकडे आड, तिकडे विहीर. रडू येत होतं, स्वतःचाच संताप येत होता, पण हात थांबत नव्हते. ठोंब पोत्यात भरले, पोतं न्हाणीघरात ढकललं, माती चोपून सपाट केली.

पाहणीचे साहेब आले. त्यांच्या मागून दादा आला. भिंत घातल्यापासून तो पहिल्यांदाच तिच्या अंगणात पाऊल टाकत होता. उघड्या मातीकडे तो बघतच राहिला.

"साहेब, इथं गवत होतं," तो म्हणाला. "फार छान होतं. मी रोज सकाळी गच्चीवरून बघायचो. फोटो आहेत माझ्याकडे." त्यानं खिशातून फोन काढला.

साहेबांनी तिला विचारलं, "बाई, होतं का इथं काही?"

तिच्या नखांत अजून माती होती. तिनं हात पाठीमागे घेतले.

"नाही," ती म्हणाली.

दादानं तिच्याकडे पाहिलं. मग फोन तसाच परत खिशात घातला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

"मग नसेल, साहेब. माझी बहीण खोटं बोलत नाही."