तिन्ही ड्राइव्ह

रुचिकाताईनं आर्यिका दीक्षा घेतली, जैन साध्वी झाली, त्याला आठ दिवस झाले होते. सगळं कारंजा गाव तिला माताजी म्हणायला लागलं होतं, आई सोडून.

"संयम, तिचा वेणीतला एखादा फोटो काढून दे मले," आई म्हणाली.

मी कॉम्प्युटर लावला. सी ड्राइव्हवर ताईचा एकही फोटो नव्हता. डीवर नव्हता, ईवरही नव्हता. जायच्या आदल्या दिवशी ती दुपारभर याच खुर्चीत बसली होती.

"सारे डिलीट करून गेली," मी सांगितलं.

आई खालीच बसली. "केशलोच साऱ्या कारंज्यानं पाह्यला. एक एक केस उपटून घेतला, पण डोळ्यात थेंब नाही. आपल्याकडे एकदा वळून पाह्यलं नाही. एवढे कसे नकोसे झालो रे आपण तिले?"

मी रिसायकल बिन उघडलं. तिन्ही ड्राइव्हवरचे फोटो तिथं एकत्र पडले होते, चारशे बारा. पहिल्याच फोटोत ती कमरेखाली आलेली वेणी.

"आई, डिलीट केलेलं इथं येऊन पडते. मग एक बटण दाबलं, की तिन्ही ड्राइव्हचं एकाच वेळी कायमचं जाते."

"तिले ते बटण माहीत नसंन."

"मले कॉम्प्युटर तिनंच शिकवला."

आईनं पदरानं डोळे पुसले.

"कोणाले सांगू नको," ती म्हणाली. "लोक म्हणतीन, माताजींचं मन घरात अडकून होतं."